खचदरीचा शोधयात्री : जॉन वॉल्टर ग्रेगरी

आफ्रिका खंडाच्या नकाशाचा पूर्वेकडील भाग नीट पाहिला, तर एक गोष्ट सहज लक्षात येते. केनिया देशात तुर्काना, बारिंगो, नाकुरू, नैवाशा ही सरोवरे उत्तरेकडून दक्षिणेकडे एका ओळीत मांडून ठेवल्यासारखी दिसतात. या सरोवरांच्या दोन्ही बाजूंना उंच कडे आहेत आणि त्या कड्यांच्या मध्ये एक रुंद, सखल मैदान पसरलेले आहे. मैदानात जागोजागी ज्वालामुखींचे शंकू उभे आहेत. कोठे जमिनीतून वाफ येते, तर कोठे उकळत्या पाण्याचे झरे वाहतात. या मैदानाला आज भूगोलाच्या पुस्तकांत पूर्व आफ्रिकेची महाखचदरी असे म्हणतात आणि तिच्या केनियातील भागाला ग्रेगरी खचदरी हे नाव आहे. ज्या माणसाचे हे नाव, तो कोणी राजा किंवा सेनापती नव्हता. पंधराव्या वर्षी लोकरीच्या बाजारात कारकून म्हणून नोकरीला लागलेला आणि दिवसभर काम करून संध्याकाळी शिकलेला तो एक विद्यार्थी होता.

जॉन वॉल्टर ग्रेगरी यांचा जन्म २७ जानेवारी १८६४ रोजी लंडनच्या पूर्व भागातील बो या वस्तीत झाला. वडील लोकरीचे व्यापारी होते. जॉनचे शालेय शिक्षण जवळच्या स्टेपनी येथील शाळेत झाले. परंतु पंधरा वर्षांचा होताच त्याला शाळा सोडून लोकरीच्या व्यापारात कारकुनी पत्करावी लागली. त्या काळी इंग्लंडमध्ये ही काही नवलाची गोष्ट नव्हती. व्यापारी कुटुंबातील मुलाने लवकर कामाला लागावे, हिशेब शिकावा आणि पुढे तोच धंदा सांभाळावा, अशी रीत होती. जॉनचे आयुष्यही त्याच चाकोरीतून गेले असते, तर त्यात कोणाला वावगे वाटले नसते.

परंतु या मुलाला दगडांचा नाद होता. सुटीच्या दिवशी शहराबाहेर पायी हिंडावे, खाणी आणि नदीकाठच्या दरडी पाहाव्यात, खडकांत सापडणारे शंखशिंपल्यांचे जीवाश्म गोळा करावेत, हा त्याचा आनंद होता. या आनंदाला शास्त्रशुद्ध ज्ञानाची जोड हवी, असे त्याला वाटू लागले. कामाचा दिवस संपल्यावर तो बर्कबेक संस्थेतील सायंकालीन वर्गांना जाऊ लागला. दिवसा पोटासाठी राबणाऱ्या कामगारांना संध्याकाळी शिकता यावे, यासाठी १८२३ साली स्थापन झालेली ही संस्था होती. लंडन विद्यापीठानेही १८५८ पासून आपल्या परीक्षांचे दार बाहेरून अभ्यास करणाऱ्यांसाठी उघडले होते. या दोन सोयींचा ग्रेगरी यांनी पुरेपूर उपयोग करून घेतला. १८८६ साली ते प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झाले; १८९१ साली त्यांनी विज्ञानाची पदवी प्रथम श्रेणीत मिळवली आणि १८९३ साली त्याच विद्यापीठाची विज्ञानातील सर्वोच्च पदवी त्यांना प्राप्त झाली. नोकरी सांभाळून केलेल्या अभ्यासाचे हे फळ होते.

या अभ्यासाच्या बळावरच १८८७ साली ब्रिटिश संग्रहालयाच्या भूविज्ञान विभागात त्यांना साहाय्यकाची जागा मिळाली. आता दगड हा त्यांचा छंद राहिला नाही. तो त्यांचा व्यवसाय झाला. जगाच्या निरनिराळ्या भागांतून येणारे जीवाश्म तपासणे, त्यांचे वर्गीकरण करणे आणि त्यांची वर्णने लिहिणे हे त्यांचे नित्याचे काम होते. या कामातून आपल्या देशाशीही त्यांचा संबंध आला. कच्छमधील ज्युरासिक काळातील प्रवाळांच्या जीवाश्मांवर त्यांनी लिहिलेला प्रबंध १९०० साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला. मात्र कपाटात मांडलेल्या दगडावर समाधान मानणाऱ्यांपैकी ते नव्हते. दगड ज्या भूमीतून आला ती भूमी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्याची खरी कथा उलगडत नाही, अशी त्यांची धारणा होती.

त्या सुमारास भूवैज्ञानिकांसमोर एक कोडे उभे होते. पूर्व आफ्रिकेच्या अंतर्भागातून फिरून आलेल्या प्रवाशांनी एका विलक्षण दरीची वर्णने युरोपात आणली होती. जोसेफ टॉमसन हे १८८३ साली मसाई लोकांच्या प्रदेशातून बारिंगो सरोवरापर्यंत गेले होते. त्यानंतर १८८७-८८ मध्ये टेलेकी आणि फोन होनेल या जोडीने आणखी उत्तरेला जाऊन तुर्काना सरोवर पाहिले. फोन होनेल यांनी काढलेले नकाशे आणि आणलेली माहिती व्हिएन्ना येथील विख्यात भूवैज्ञानिक एडवर्ड झ्यूस यांच्या हाती पडली. झ्यूस यांनी स्वतः आफ्रिकेत पाऊल ठेवले नव्हते. तरीही १८९१ साली त्यांनी असे अनुमान मांडले, की पॅलेस्टाइनमधील मृत समुद्रापासून तांबड्या समुद्रामार्गे पूर्व आफ्रिकेपर्यंत पृथ्वीच्या कवचाला पडलेल्या भेगांची एक लांबच लांब मालिका असली पाहिजे.

हे अनुमान मोठे होते. पण ते अनुमानच होते. दरी अनेक कारणांनी तयार होऊ शकते. नदी हजारो वर्षे वाहते, कण कण खडक झिजवते आणि दरी कोरते. हिमनदी सरकते आणि आपल्या वाटेवरील भूभाग खरवडून काढते. पूर्व आफ्रिकेतील ती दरी नेमकी कशाने झाली? ती नदीने कोरली, की जमीनच खाली खचली? या प्रश्नाचे उत्तर नकाशावर मिळणारे नव्हते. त्यासाठी कोणीतरी त्या कड्यांपाशी जाऊन, हातोड्याने खडक फोडून, एका बाजूचे थर दुसऱ्या बाजूच्या थरांशी ताडून पाहणे आवश्यक होते.

ही संधी ग्रेगरी यांना १८९२ साली चालून आली. पूर्व आफ्रिकेच्या अंतर्भागात जाणाऱ्या एका मोठ्या मोहिमेत निसर्गअभ्यासक म्हणून त्यांना बोलावणे आले. संग्रहालयाने रजा दिली आणि ते निघाले. परंतु या मोहिमेवर सुरुवातीपासूनच संकटे ओढवली आणि १८९३ च्या प्रारंभी, इच्छित स्थळ अजून दूर असतानाच, ती मोडली. ग्रेगरी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर अडकून पडले. ज्या दरीसाठी ते इतक्या दूर आले होते, ती त्यांनी पाहिलीही नव्हती.

अशा वेळी लंडनला परतणे हाच शहाणपणाचा मार्ग होता. कोणी त्यांना दोष दिला नसता. मोहीम त्यांची नव्हती आणि तिच्या अपयशाची जबाबदारीही त्यांची नव्हती. शिवाय पुढचा प्रदेश अवघड होता. त्या काळी या वाटेने जाणारे प्रवासी शेकडो हमाल आणि सशस्त्र रक्षक बरोबर घेत असत. ग्रेगरी यांच्याजवळ ना तेवढा पैसा होता, ना तेवढी माणसे. तरीही त्यांनी परतण्याचे नाकारले. मोंबासा बंदरात त्यांनी सुमारे चाळीस माणसांचा एक लहानसा तांडा उभा केला आणि मार्च १८९३ मध्ये त्या तांड्याचे एकटेच नेतृत्व करीत ते अंतर्भागाकडे चालू लागले.

आज मोंबासाहून नैरोबीला रेल्वेने काही तासांत जाता येते. त्या वेळी नैरोबी शहरच अस्तित्वात नव्हते. किनाऱ्यामागील तारूचा रखरखीत, काटेरी झुडपांचा प्रदेश पायी ओलांडावा लागे आणि तेथे पाण्याचा प्रश्न नेहमीच बिकट असे. ग्रेगरी यांच्या तांड्यातील बहुतेक हमाल झांझिबारकडील होते. धान्य, तंबू, वाटेत देण्याघेण्यासाठी लागणारे मणी व कापड, तसेच शास्त्रीय उपकरणे असे सारे सामान त्यांच्या डोक्यावर होते. परतीच्या वाटेवर त्यात दगडांच्या नमुन्यांची भर पडणार होती. शोधाचे श्रेय इतिहासाने एका नावाला दिले असले, तरी ही पदयात्रा या चाळीस माणसांच्या पायांवर आणि खांद्यांवर घडली, हे विसरून चालणार नाही.

किनाऱ्यापासून चढत चढत तांडा किकुयू लोकांच्या सुपीक डोंगराळ प्रदेशात पोहोचला. तेथून पुढे चालत असता जमीन एकाएकी संपते आणि पायांखाली शेकडो मीटर खोल कडा येतो. समोर विस्तीर्ण मैदान, त्यात लोंगोनोट या ज्वालामुखीचा शंकू, त्यापलीकडे नैवाशाचे चमकणारे पाणी आणि दूर क्षितिजावर पलीकडच्या कड्याची निळसर रेघ असे ते दृश्य आहे. हा कडा उतरून ग्रेगरी दरीच्या तळाशी आले. त्यांच्या जीवनातील सर्वांत महत्त्वाचे काम येथून सुरू झाले.

दरीच्या तळातून उत्तरेकडे चालताना त्यांनी एकेक गोष्ट टिपून ठेवण्यास प्रारंभ केला. पहिली गोष्ट पाण्याची. ही दरी नदीने कोरली असती, तर तिच्या तळाला एका दिशेने सलग उतार असता आणि त्या उताराने वाहणारी नदी, निदान तिचा जुना मार्ग तरी दिसला असता. येथे तसे काहीच नव्हते. नैवाशा सरोवर समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० मीटर उंचीवर आहे, तर त्याच दरीतील बारिंगो सरोवर सुमारे १,००० मीटर उंचीवर. तळ कोठे उंच, तर कोठे सखल आहे. कड्यांवरून येणारे ओढे दरीतील सरोवरांना मिळतात. पण नैवाशा, एल्मेंटाइटा, नाकुरू यांतून समुद्राकडे जाणारी एकही नदी नाही. एल्मेंटाइटा व नाकुरू यांचे पाणी म्हणूनच खारट झाले आहे. जी दरी पाणी बाहेर वाहूनच नेत नाही, ती वाहत्या पाण्याने कोरली असे कसे म्हणावे?

दुसरी गोष्ट कड्यांची. नदीने कोरलेल्या दरीच्या बाजू वळणावळणाच्या असतात. येथील कडे मात्र कितीतरी अंतरापर्यंत सरळ आणि एकमेकांना जवळजवळ समांतर धावतात. अनेक ठिकाणी ते एकाच उभ्या भिंतीसारखे नसून पायऱ्यांसारखे आहेत. अशा प्रत्येक पायरीपाशी पृथ्वीच्या कवचाला उभी भेग पडून एका बाजूचा भाग खाली सरकलेला असतो. अशा सरकण्याला भूविज्ञानात प्रस्तरभंग असे म्हणतात.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट खडकांची होती. या प्रदेशात लाव्हारसाचे थरावर थर साचलेले आहेत. प्राचीन काळी जमिनीच्या भेगांतून आणि ज्वालामुखींच्या मुखांतून लाव्हारस बाहेर पडला, दूरवर पसरला आणि थंड होऊन खडक बनला. महाराष्ट्रातील सह्याद्रीचे काळे, पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना अशा थरांची कल्पना सहज येईल. फरक इतकाच, की सह्याद्रीचा बेसाल्ट खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे आणि आफ्रिकेतील हे थर त्याहून पुष्कळ अलीकडचे आहेत. ग्रेगरी यांनी हातोड्याने खडकांचे नमुने काढले आणि थरांचा क्रम नोंदवला. बारिंगोच्या पश्चिमेला कामासिया नावाची डोंगररांग आहे. तिच्या उघड्या पडलेल्या बाजूंवर त्यांना हे थर पुस्तकाच्या पानांप्रमाणे एकावर एक रचलेले दिसले. एकेकाळी सलग असलेले थर तुटून निरनिराळ्या पातळ्यांवर गेले होते.

या सर्व नोंदी एकत्र ठेवल्यावर निष्कर्ष स्पष्ट झाला. नदी किंवा वारा यांनी कण कण झिजवून ही दरी निर्माण केलेली नाही. दोन्ही बाजूंची भूमी आपल्या जागी राहिली आणि समांतर भेगांच्या मधला भूभाग एकसंध खाली खचला. झ्यूस यांनी दुरून केलेले अनुमान ग्रेगरी यांनी प्रत्यक्ष जागेवर पडताळून पाहिले. अशा दरीसाठी त्यांनी इंग्रजीत रिफ्ट व्हॅली ही संज्ञा रूढ केली. मराठीत आपण तिला खचदरी म्हणतो. आपल्या देशात नर्मदा आणि तापी या नद्या खचदऱ्यांतून वाहतात, असे भूगोलात शिकवले जाते. तेव्हा वापरली जाते ती हीच संकल्पना होय.

जमीन खचली कशी, याचे उत्तर देताना त्यांनी कमानीचे उदाहरण घेतले. दगडी कमानीच्या माथ्यावर मधोमध एक कळीचा दगड असतो. दोन्ही बाजूंच्या दगडांनी त्याला घट्ट धरून ठेवलेले असते. बाजूचे दगड थोडे दूर सरकले, तर हा मधला दगड आधार सुटून खाली घसरतो. ग्रेगरी यांच्या मते पूर्व आफ्रिकेची भूमी आधी अशीच कमानीसारखी वर उचलली गेली. या उचलण्यामुळे तिच्या माथ्यावर ताण पडला, लांबच लांब भेगा पडल्या आणि मधला पट्टा खाली गेला. या भेगांतूनच खोलवरच्या शिलारसाला वर येण्यास वाट मिळाली. म्हणूनच लोंगोनोट, मेनेनगाई यांसारखे ज्वालामुखी दरीच्या मैदानात रांगेने उभे आहेत. दरी आणि ज्वालामुखी या दोन वेगवेगळ्या गोष्टी नसून एकाच घडामोडीची दोन रूपे आहेत, हे या प्रवासाने दाखवून दिले.

बारिंगोहून ग्रेगरी पूर्वेकडे वळले. लाइकिपियाचे पठार ओलांडून ते केनिया पर्वताच्या पायथ्याशी आले. विषुववृत्ताजवळ असूनही या पर्वताच्या माथ्यावर बर्फ आहे. ५,१९९ मीटर उंचीचा हा पर्वत त्यांना केवळ चढायचा नव्हता, तर समजून घ्यायचा होता. पायथ्याचे घनदाट अरण्य आणि बांबूची बेटे यांतून वाट काढत तांडा वर सरकला. उष्ण किनाऱ्यावर वाढलेल्या हमालांना ही थंडी असह्य होती आणि बर्फाचा तर त्यांना अनुभवच नव्हता. त्यामुळे बरीचशी माणसे मागे राहिली. ग्रेगरी पुढे जात राहिले आणि हिमनद्यांपर्यंत पोहोचले. या हिमनद्यांचा शास्त्रीय अभ्यास करणारे ते पहिले संशोधक होत. त्यांतील एका हिमनदीला त्यांनी लुइस या भूवैज्ञानिकाचे नाव दिले. शिखर मात्र त्यांना गाठता आले नाही. तो मान १८९९ साली हॅलफर्ड मॅकिंडर आणि त्यांच्या दोन वाटाड्यांना मिळाला.

शिखर हुकले, तरी पर्वताचे रहस्य हाती आले. माथ्यावरील टोकदार सुळके पाहून ग्रेगरी यांनी ओळखले, की हा पर्वत एक विझलेला, झिजून गेलेला ज्वालामुखी आहे. त्याचे मुख कधीच नाहीसे झाले आहे. मुखाच्या नळीत थिजलेला कठीण खडक तेवढा शिल्लक असून तेच आजचे शिखर आहे. हिमनदीने वाहून आणलेल्या दगडधोंड्यांचे ढीग त्यांना आजच्या बर्फाच्या पुष्कळ खाली आढळले. त्यावरून पूर्वी या हिमनद्या कितीतरी खालपर्यंत पसरलेल्या होत्या, हेही सिद्ध झाले. त्यांनी नोंदवलेल्या हिमनद्या आज झपाट्याने नाहीशा होत आहेत. लुइस हिमनदीचा तर फारच थोडा अंश उरला आहे.

सुमारे पाच महिन्यांच्या पदयात्रेनंतर ऑगस्ट १८९३ मध्ये ग्रेगरी किनाऱ्यावर परतले. १८९६ साली त्यांचा 'द ग्रेट रिफ्ट व्हॅली' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्यांचे नाव सर्वत्र गाजले. त्याच वर्षी मोंबासाहून अंतर्भागाकडे जाणाऱ्या रेल्वेचे काम सुरू झाले. या रेल्वेसाठी भारतातून तीस हजारांहून अधिक मजूर नेण्यात आले. ज्या कड्यावरून ग्रेगरी यांचा तांडा उतरला होता, त्याच कड्यांवरून लोहमार्ग खाली नेण्यासाठी या मजुरांना अपार कष्ट करावे लागले आणि सुमारे अडीच हजार मजुरांना या कामात प्राण गमवावे लागले. खचदरी ही केवळ शास्त्रज्ञांच्या चर्चेची गोष्ट नव्हती. ती ओलांडण्याची किंमत माणसांनी दिली होती.

ग्रेगरी यांच्या भ्रमंतीला यानंतर खंड पडला नाही. १८९६ साली मार्टिन कॉनवे यांच्यासमवेत त्यांनी आर्क्टिकमधील स्पिट्सबर्गेन बेट ओलांडले. १९०० साली ते ऑस्ट्रेलियातील मेलबर्न विद्यापीठात भूविज्ञानाचे प्राध्यापक झाले. अंटार्क्टिकाकडे जाणाऱ्या डिस्कव्हरी मोहिमेच्या शास्त्रीय विभागाचे प्रमुखपदही त्यांना देण्यात आले होते. परंतु मोहिमेचा अधिकार शास्त्रज्ञाकडे असावा की नौदलाच्या अधिकाऱ्याकडे, या वादातून १९०१ साली त्यांनी ते सोडले. त्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना आपले सदस्यत्व दिले. पुढे १९०१-०२ च्या उन्हाळ्यात ते आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन, उंटांच्या साह्याने, मध्य ऑस्ट्रेलियातील आयर सरोवराच्या ओसाड प्रदेशात गेले. विद्यार्थ्याने भूविज्ञान वर्गात बसून नव्हे, तर रानात चालून शिकावे, या मताचे ते होते. १९०४ ते १९२९ अशी पंचवीस वर्षे ते स्कॉटलंडमधील ग्लासगो विद्यापीठात प्राध्यापक होते.

१९१७ साली ते आपल्या देशात आले. कलकत्ता विद्यापीठाच्या कारभाराची चौकशी करून सुधारणा सुचवण्यासाठी मायकेल सॅडलर यांच्या अध्यक्षतेखाली एक आयोग नेमण्यात आला होता. सर आशुतोष मुखर्जी, झियाउद्दीन अहमद यांच्याबरोबर ग्रेगरी हेही या आयोगाचे सदस्य होते. १९१९ साली आयोगाने आपला अहवाल सादर केला. शालान्त आणि पदवी यांच्या मधल्या शिक्षणाची वेगळी व्यवस्था असावी, पदवीचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा असावा, अशा त्यातील शिफारशींनी भारतातील शिक्षणविषयक विचारावर दीर्घकाळ प्रभाव पाडला. जो मुलगा एके काळी दिवसाची नोकरी संपवून वर्गात बसत होता, तो आता लक्षावधी विद्यार्थ्यांच्या शिक्षणाचा विचार करीत होता.

कलकत्त्याचे काम आटोपल्यावर त्याच वर्षी ते पुन्हा आपल्या खचदरीकडे गेले. सव्वीस वर्षांचा काळ लोटला होता. तांड्याच्या वाटेवर रेल्वे आली होती. नैरोबी शहर उभे राहिले होते. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी त्यांनी जुन्या नोंदी नव्याने तपासल्या. दरीच्या तळाशी ओलोर्गेसेली येथे त्यांना आदिमानवाची दगडी हत्यारे आढळली. पुढे १९४० च्या दशकात मेरी आणि लुइस लीकी यांनी या स्थळाचे उत्खनन केले आणि अश्मयुगाच्या अभ्यासात त्याला मोठे स्थान प्राप्त झाले. या दुसऱ्या प्रवासातून ग्रेगरी यांचा पूर्व आफ्रिकेच्या खचदऱ्यांवरील विस्तृत ग्रंथ १९२१ साली सिद्ध झाला.

ग्रेगरी यांचे सगळेच विचार काळाच्या कसोटीवर उतरले असे नाही. काही लाव्हाथरांचे वय त्यांनी प्रत्यक्षाहून पुष्कळ अधिक मानले. कारण खडकांचे वय मोजण्याची आजची साधने त्यांच्या हाती नव्हती. खंडे सरकतात, हा वेगेनर यांचा सिद्धान्तही त्यांनी स्वीकारला नाही. महासागरांच्या जागी पूर्वी जमीन होती आणि ती खचली, असेच ते मानत राहिले. १९२५ साली त्यांनी मानववंशांविषयी एक ग्रंथ लिहिला. निरनिराळ्या वंशांच्या लोकांनी परस्परांपासून वेगळे राहावे, हा त्यात मांडलेला विचार ना शास्त्राला धरून होता, ना माणुसकीला. खडकांपुढे नम्र होऊन पुरावा शोधणारा हा संशोधक माणसांविषयी लिहिताना आपल्या काळाच्या पूर्वग्रहांतून सुटू शकला नाही, ही खेदाची गोष्ट होय. थोरांचे चरित्र वाचताना त्यांचे गुण घ्यावेत आणि दोषही डोळे उघडे ठेवून पाहावेत.

निवृत्तीनंतरही त्यांचे पाय थांबले नाहीत. १९३२ साली अडुसष्टाव्या वर्षी ते दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात अँडीज पर्वताच्या अभ्यासासाठी गेले. तेथील ज्वालामुखी आणि भूकंप यांची कारणे त्यांना शोधायची होती. २ जून १९३२ रोजी उरुबाम्बा नदीच्या वेगवान प्रवाहात त्यांची होडी उलटली आणि त्यातच त्यांचा अंत झाला. ज्याने आयुष्यभर पृथ्वीची उलथापालथ वाचली, त्याने वाचता वाचताच तिचा निरोप घेतला.

त्यांनी आरंभलेला शोध आज पुष्कळ पुढे गेला आहे. पृथ्वीचे कवच मोठमोठ्या भूपट्टांचे बनलेले आहे आणि हे भूपट्ट अतिशय मंद गतीने सरकतात, हे आता आपण जाणतो. उपग्रहांच्या साह्याने केलेल्या मोजमापांवरून दिसते, की आफ्रिकेचा पूर्वेकडील भाग उरलेल्या खंडापासून दर वर्षी काही मिलिमीटर दूर जात आहे. २००५ साली इथिओपियाच्या अफार भागात काही दिवसांतच सुमारे साठ किलोमीटर लांबीच्या पट्ट्यात जमीन फाकली आणि भूगर्भातील शिलारस वर घुसला. ग्रेगरी यांनी ज्या ताणाची कल्पना केली होती, त्याचे हे प्रत्यक्ष दर्शन होते. नैवाशाजवळ ओल्कारिया येथे भूगर्भातील वाफेवर १९८१ पासून वीजनिर्मिती होत आहे. ज्या उष्णतेने एके काळी लाव्हारस बाहेर फेकला, तीच उष्णता आज घरांत दिवे लावते.

ग्रेगरी यांना मोठ्या विद्यालयाचा वारसा लाभला नव्हता. त्यांना लाभल्या होत्या त्या फक्त दिवसभराच्या कामानंतरच्या संध्याकाळच्या काही घटका. मोहीम मोडली तेव्हाही हाती होती फक्त चाळीस माणसे आणि एक हातोडा. जेवढे हाती होते, तेवढ्यावर ते चालू लागले. पूर्व आफ्रिकेच्या त्या मैदानाला आज त्यांचे नाव आहे, याचे कारण त्यांनी ते जिंकले हे नाही. त्यांनी ते पायी चालून, थांबून, वाकून, एकेक दगड हाती घेऊन समजून घेतले, हे आहे.